दोरी, चामडं, रबर

आमच्या घरात तीन पिढ्या गळती थांबवण्याचंच काम चाललंय. आजोबा खामगावच्या जिनिंगमध्ये वाफेच्या इंजिनवर होते. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. त्या कापसानेच आमच्याकडे इंजिनं आणली आणि इंजिनांनी मिस्त्री घडवले. दांडा सरकतो तिथून वाफ सुटू नये म्हणून त्याच्याभोवती चरबीत भिजवलेली दोरी ठासायची. ती ग्लँड दोरी आजोबा हातानेच वळायचे, असं वडील सांगत.

वडिलांच्या हाती विहिरीवरची तेलाची इंजिनं आली. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि हळूहळू गावोगावची मोट थांबली. मोट चामड्याची, ती शिवणारे हात गावातच होते. पंपाच्या वायसरलाही चामडंच लागे, म्हणून वडील त्यांच्याचकडून ते कापून घ्यायचे. पुढे मला कळलं की फिरत्या दांड्याच्या ऑईल सीलची सुरुवातही चामड्यातूनच झाली. जर्मनीत वाइनहाइमला फ्रॉइडेनबर्ग हा कातडी कमावण्याचा कारखाना होता, तिथे १९२९ पासून चामड्याचे सील बनू लागले आणि १९३६ मध्ये कृत्रिम रबराचे आले. हे वाचलं त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण झाली.

माझ्या वाट्याला ट्रॅक्टर आला. टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी १९६० मधली, महिंद्राचा कांदिवलीचा ट्रॅक्टर कारखाना १९६३ मधला. चिखलीच्या माझ्या गॅरेजमध्ये मेहकर, देऊळगाव राजाकडून येणाऱ्या जुन्या गाड्यांत टॅफेची मॅसी १०३५ पुष्कळ. तिचं तीन सिलिंडरचं इंजिन मूळ पर्किन्सचं, चेन्नईच्या सिम्पसनमध्ये बनलेलं. क्रँकच्या मागच्या टोकाला त्यात रबर नाही, दोरीच आहे! ट्रॅक्टरच्या पोटात आजोबांची दोरी दिसली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"मिस्त्री, तेल कुठून गयते ते पाहा ना जरा," असं म्हणत लोक पेरणीच्या तोंडावर येतात. आधी इंजिन डिझेलने धुवायचं, कोरडं करायचं, मग चालू करायचं. तेल वरून खाली ओघळतं, म्हणून नजर वरून सुरू करायची. कित्येकदा वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं आणि खालच्या तेलाच्या चेंबरवर उगाच आळ येतो. इंजिनला श्वास घेऊ देणारा ब्रीदर चोंदला असेल तर आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून ढकलतो. तेव्हा नुसतं पॅकिंग बदलून काही होत नाही.

क्लचच्या घराखाली एक भोक आहे, त्यात लोंबती पिन. तिथून थेंब पडला तर तो बोटावर घ्यायचा. काळा, पातळ असेल तर इंजिनचा. घट्ट आणि उग्र वासाचा असेल तर गिअरचा. कुणी ते भोक लाकडाची खुंटी ठोकून बुजवतात. तसं करू नका हो! तेल आतच साठतं आणि क्लच प्लेटला लागतं.

तेल इंजिनचंच निघालं, तर क्रँकमागची दोरी बदलायला ट्रॅक्टर मधोमध अलग करावा लागतो. जुनी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची. तिची धूळ फुफ्फुसाला घातक, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आता मी ती ओली करूनच काढतो. नवी दोरी आधी दोन्ही टोकांना बसवायची, मधला भाग फुगलेला राहू द्यायचा, मग तो मधोमधपासून दाबत खाचेत बसवायचा आणि शेवटी गोल दांड्याने सगळी दाबून घ्यायची. टोकं नखाच्या जाडीएवढी, अर्धा मिलिमीटर वर ठेवायची. दोरी बसते त्या घराचे दोन्ही अर्धे आवळले की टोकं एकमेकांत दाबली जातात.

यंदा पहिल्यांदा माझ्याकडच्या पोराला दोरी कापायला दिली. त्याने टोकं अगदी सपाट, सुबक कापली. मी बोट फिरवून पाहिलं, ती दोरी काढून टाकली आणि दुसरी त्याच्याच हातात दिली.