ओळखीच्या खुणा

सरकारी नोकरीत शिरणाऱ्याच्या सेवापुस्तकात ‘आयडेंटिफिकेशन मार्क्स’ या सदराखाली एखादा तीळ वा वण नोंदविला जातो. माझ्या पुस्तकात भुवईवरील वण आहे. लहानपणी ओट्यावरून पडलो त्याचा. आमच्या बागबाजारातील मराठा डिच लेन ही गल्लीही तसा एक वणच. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने खणलेला खंदक केव्हाच बुजला, नाव तेवढे राहिले.

इंग्रजी शब्दातील खूण शरीरावर असते आणि नोंद झाली की काम संपते. मराठीत मात्र खूण पटावी लागते. तिला पाहणाऱ्याचे मनही हवे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या युद्धाचा फारसी वृत्तांत लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीस याच कलकत्त्यात, एशियाटिक सोसायटीच्या संशोधनमालेत निघाले, हा योगायोग मला मोठा वाटतो. शिर नसलेले एक धड भाऊंचे म्हणून ओळखले गेले ते अंगावरील काळा डाग, मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा पाठीवरचा वण आणि पायावरील शुभरेषा यांवरून. खुणा जुळल्या, धडाचे दहनही झाले. पुण्यास त्या पटल्या नाहीत. पार्वतीबाईंनी १७८३ साली देह ठेवीपर्यंत कुंकू पुसले नाही. त्याच संशयाच्या जमिनीत तोतया उगवला. पंचांनी चौकशी करून त्यास खोटा ठरविले, कैदेत टाकले. तरी १७७६ साली रत्नागिरीहून सुटताच किल्ले व माणसे त्यास मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यास त्याचा देहान्त करण्यात आला.

ही हकीकत शेजारच्या बंगाली गृहस्थांस सांगितली, तेव्हा ते तत्काळ भावलच्या संन्याशावर आले. १९०९ साली दार्जिलिंगला मेलेला मानलेला भावलचा मेजकुमार सुमारे बारा वर्षांनी संन्यासी होऊन डाक्क्यास प्रकटला. तेथे न्यायाधीश पन्नालाल बसूंसमोर विम्याच्या कागदांत डॉक्टराने पूर्वी नोंदविलेला घोट्यावरील वण आणि पायाची ठेवण, असे सारे तपासले गेले. १९३६ साली निकाल संन्याशाच्या बाजूने लागला. तो कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने १९४० साली व प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली कायम ठेवला. त्याची पत्नी विभावती मात्र त्याला अखेरपर्यंत परपुरुषच म्हणत राहिली.

तिकडे मरणाच्या खुणा पटल्या नाहीत, इकडे जगण्याच्या. “तुमच्या पार्वतीबाईंना ते धड दाखविले असते तर?” गृहस्थांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. ट्रामची वेळ झाली होती.