आकडा रोज लिहिला, खोली मात्र एकच

माझी नोकरी सॉफ्टवेअरची. सर्व्हर धापा टाकायला लागला की रात्री दोनला माझा फोन वाजतो. २०२० मध्ये काकांना कोविड झाला तेव्हा मी तेच केलं. ऑक्सिमीटर आणून दिला, दर चार तासांनी आकडा लिहून घेतला. डॉक्टर म्हणाले, "यांना वेगळ्या खोलीत ठेवा." काका राहायचे बीआयटी चाळीत. खोली एक, माणसं सहा.

तेव्हा पहिल्यांदा शोधलं, हे 'बीआयटी' म्हणजे काय? बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. आणि तो जन्मला प्लेगमधून!

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची गोदामं आणि त्यांना चिकटून अंधाऱ्या, कोंदट खोल्या. धान्य तिथे उंदीर. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं १८९८ मध्ये. तोवर सरकारचा भर होता घरं तपासण्यावर आणि रुग्ण उचलून नेण्यावर.

मग लोकांनी काय केलं? रुग्ण लपवले. हॉस्पिटलात गेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. पुण्यातल्या रँडची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. लोक तपासणीलाच घाबरले, तर नोंदवहीत खरा आकडा येणार कुठून?

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुलेही रुग्णांना दवाखान्यात आणत होत्या. त्यांच्यावर लोकांचा विश्वास होता. १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्या गेल्या.

१८९८ मध्ये ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा-उजेडाच्या चाळी बांधायच्या. कल्पना बरोबर होती. पण सुरुवातीला पाडापाडी जास्त, बांधकाम कमी. घर गेलेली गरीब माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं राहू लागली.

काका वाचले. माझी ती वही अजून आहे. आकडा घसरला की कळायचं, हे खरंच. पण काकूला आणि मुलांना लागण होऊ नये म्हणून त्या वहीत काहीच नव्हतं. त्यासाठी हवी होती आणखी एक खोली, एक खिडकी.

तुमच्या घरात साथीची अशी एखादी आठवण आहे? आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!