टेक्सासमधील काउंटी न्यायालयातील फौजदारी खटला

काउंटी न्यायालय हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील स्थानिक पातळीवरील न्यायालय असून कमी गंभीर स्वरूपाचे फौजदारी खटले प्रामुख्याने त्याच्यासमोर चालतात. काउंटी हा भारतातील जिल्ह्याशी साधर्म्य असलेला प्रशासकीय विभाग होय. टेक्सासमध्ये एकूण २५४ काउंट्या आहेत. या न्यायालयात दिली जाणारी शिक्षा अल्प मुदतीची असते; तथापि तेथील गुन्ह्याच्या कबुलीचे परिणाम आरोपीच्या नोकरीवर, वाहन परवान्यावर आणि तो परदेशी नागरिक असल्यास त्याच्या अमेरिकेतील वास्तव्यावर दीर्घकाळ राहू शकतात.

रचना आणि अधिकारक्षेत्र

टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेनुसार प्रत्येक काउंटीत एक काउंटी न्यायालय असते. त्याचा न्यायाधीश चार वर्षांसाठी लोकांकडून निवडला जातो व तोच काउंटीच्या प्रशासकीय मंडळाचाही प्रमुख असतो. तो वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही. राज्याच्या कायद्याची त्याला चांगली माहिती असावी, एवढीच घटनेची अपेक्षा आहे. मोठ्या लोकसंख्येच्या काउंट्यांत हे काम एकट्या न्यायाधीशाला पेलणारे नसल्यामुळे विधिमंडळाने कायद्याने अतिरिक्त काउंटी न्यायालये स्थापन केली आहेत. त्यांचे न्यायाधीश मात्र वकील असतात. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे, तेथे केवळ फौजदारी कामासाठी अशी १६ न्यायालये आहेत.

टेक्सासच्या दंडसंहितेत गुन्ह्यांचे दोन मुख्य गट आहेत. गंभीर गुन्ह्यांना फेलनी म्हणतात आणि ते डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात. कमी गंभीर गुन्ह्यांना मिस्डिमिनर म्हणतात. त्यांचे तीन वर्ग पुढीलप्रमाणे आहेत :

- अ वर्ग : कमाल १ वर्ष कारावास, ४,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. उदाहरणार्थ, शारीरिक इजा करणारी मारहाण.
- ब वर्ग : कमाल १८० दिवस कारावास, २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. उदाहरणार्थ, मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचा पहिला गुन्हा.
- क वर्ग : केवळ ५०० डॉलरपर्यंत दंड. हे खटले शांतता न्यायाधीशाच्या किंवा नगरपालिकेच्या न्यायालयात चालतात.

अ आणि ब वर्गातील खटले काउंटी न्यायालयाकडे येतात. क वर्गातील निकालावरील अपीलही सामान्यतः येथेच येते. खालच्या न्यायालयाने कामकाजाची अधिकृत नोंद ठेवलेली नसेल, तर असा खटला पुन्हा पहिल्यापासून चालविला जातो.

अटक आणि पहिली हजेरी

अटक झालेल्या व्यक्तीला विनाकारण विलंब न लावता, जास्तीत जास्त ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. दंडाधिकारी तिला आरोपाचे स्वरूप, मौन पाळण्याचा हक्क आणि वकील मिळण्याचा हक्क समजावून सांगतो व जामिनाची रक्कम ठरवितो. ही हजेरी काही मिनिटांत आटोपत असली, तरी तिला घटनात्मक महत्त्व आहे. टेक्सासमधील गिलेस्पी काउंटीतून उद्भवलेल्या एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला, की वकिलाचा हक्क या पहिल्या हजेरीपासूनच लागू होतो. सरकारी वकिलाने तोपर्यंत आरोप दाखल केलेला नसला, तरी त्यामुळे फरक पडत नाही.

वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याची मागणी नियुक्ती करणाऱ्या यंत्रणेकडे पोहोचल्यापासून अडीच लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या काउंटीत एका कार्यालयीन दिवसाच्या आत, तर लहान काउंटीत तीन कार्यालयीन दिवसांच्या आत वकील नेमावा लागतो. या मुदतींचा पाया राज्याने २००१ मध्ये केलेल्या कायद्याने घातला.

जामीन

आरोपीची सुटका मुख्यतः तीन प्रकारे होते : पूर्ण रक्कम रोख भरून, व्यावसायिक जामीनदारामार्फत किंवा केवळ जातमुचलक्यावर. व्यावसायिक जामीनदार रकमेचा काही भाग शुल्क म्हणून घेतो. आरोपी पुढे निर्दोष ठरला, तरी हे शुल्क परत मिळत नाही.

ज्याच्याकडे पैसे नसतात तो तुरुंगातच राहतो, ही या पद्धतीवरील प्रमुख टीका आहे. कोठडीतील माणसाचा रोजगार बुडतो. अशा वेळी गुन्हा कबूल केल्यास लगेच सुटका होईल असे दिसले, की कबुलीकडे त्याचा कल वाढतो. हॅरिस काउंटीतील किरकोळ गुन्ह्यांच्या जामीनपद्धतीविरुद्ध दाखल झालेल्या दाव्यात संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. वरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये हा निर्णय बहुतांशी कायम केला आणि २०१९ मध्ये उभय पक्षांच्या संमतीने सुधारणांचा हुकूम झाला.

कोठडीतील आरोपीला कायद्याने आणखी एक संरक्षण दिले आहे. अ वर्गाच्या गुन्ह्यात ३० दिवसांत आणि ब वर्गाच्या गुन्ह्यात १५ दिवसांत सरकार पक्ष खटला चालविण्यास सज्ज नसेल, तर आरोपीला जातमुचलक्यावर सोडावे लागते किंवा जामिनाची रक्कम कमी करावी लागते.

आरोप दाखल होणे

फेलनीच्या खटल्यात आरोप ठेवण्यासाठी सामान्यतः ग्रँड ज्यूरी या नागरिकांच्या मंडळाची संमती लागते. काउंटी न्यायालयातील खटल्याला तिची गरज नसते. येथे दोन कागदपत्रे पुरेशी असतात : शपथेवर केलेली फिर्याद आणि तिच्या आधारे सरकारी वकिलाने स्वतःच्या सहीने दाखल केलेले आरोपपत्र. हा सरकारी वकीलही लोकनिर्वाचित असतो. पुरावा अपुरा वाटल्यास आरोप न ठेवण्याचा अधिकार त्याला आहे. मिस्डिमिनर गुन्ह्यांत आरोप दाखल करण्याची मुदत सामान्यतः २ वर्षांची असते.

आरोपीची भूमिका आणि पुराव्यांची देवघेव

आरोप वाचून दाखविल्यावर आरोपीला तीनपैकी एक भूमिका घेता येते : गुन्हा कबूल, गुन्हा नाकबूल किंवा 'प्रतिवाद नाही'. तिसऱ्या भूमिकेत आरोपी गुन्हा मान्य करीत नाही, पण आरोपाला विरोधही करीत नाही. फौजदारी शिक्षेच्या दृष्टीने तिचा परिणाम कबुलीसारखाच असतो. मात्र त्याच घटनेवरून पुढे दिवाणी दावा झाल्यास ती आरोपीविरुद्ध कबुली म्हणून वापरता येत नाही.

यानंतर पुराव्यांची देवघेव होते. बचाव पक्षाने मागणी केल्यावर पोलीस अहवाल, साक्षीदारांचे जबाब, चित्रफिती इत्यादी सरकारी वकिलाला उपलब्ध करून द्यावे लागतात. आरोपीला अनुकूल असलेला पुरावा तर मागणी नसतानाही उघड करावा लागतो. यासंबंधीचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला असून तो मायकेल मॉर्टन यांच्या नावाने ओळखला जातो. पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली १९८७ मध्ये दोषी ठरलेले मॉर्टन सुमारे २५ वर्षे तुरुंगात होते. डीएनए चाचणीने निर्दोषत्व सिद्ध झाल्यावर २०११ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांना अनुकूल असलेली माहिती मूळ खटल्यात बचाव पक्षापर्यंत पोहोचलीच नव्हती.

तडजोड आणि स्थगित दोषनिर्णय

बहुतेक प्रकरणे प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोहोचत नाहीत. काही काढून टाकली जातात आणि पुष्कळशी सरकारी वकील व बचाव पक्ष यांच्यातील तडजोडीने मिटतात. कारावासाऐवजी आरोपीला कमाल दोन वर्षे सामाजिक देखरेखीखाली ठेवण्याची तरतूद आहे. स्थगित दोषनिर्णय हा तिचाच एक प्रकार होय. त्यात आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा प्रतिवाद करीत नाही. परंतु न्यायाधीश त्याला दोषी जाहीर न करता अटी घालून देतो. अटी पूर्ण झाल्यास प्रकरण काढून टाकले जाते. अटी मोडल्यास मात्र त्या वर्गाची कमाल शिक्षाही होऊ शकते.

परदेशी नागरिकांसाठी येथे मोठा धोका आहे. टेक्सासच्या कायद्यानुसार स्थगित दोषनिर्णय ही दोषसिद्धी नसली, तरी संघराज्याच्या स्थलांतरविषयक कायद्यात १९९६ पासून असलेल्या व्याख्येनुसार, कबुलीनंतर स्वातंत्र्यावर कोणतेही बंधन घातले गेल्यास ती दोषसिद्धी समजली जाते. परिणामी राज्याच्या नोंदीत दोषी नसलेली व्यक्ती हद्दपारीच्या कारवाईस पात्र ठरू शकते. अशिलाला या परिणामांबाबत योग्य सल्ला देणे हे वकिलाचे कर्तव्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये केंटकी राज्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले. टेक्सासमध्ये नोकरी व शिक्षणानिमित्त राहणाऱ्या भारतीयांच्या, त्यांत मराठी भाषकांच्याही दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळविण्याची मागणी करता येते. ह्यूस्टन येथे भारताची वाणिज्य वकिलात आहे.

ज्यूरीसमोरील सुनावणी

काउंटी न्यायालयातील ज्यूरी सहा नागरिकांची असते. डिस्ट्रिक्ट कोर्टातील फेलनीच्या खटल्यात ती बाराजणांची असते. निवडीच्या वेळी प्रत्येक पक्षाला कारण न देता तीन नावे वगळता येतात. प्रारंभिक निवेदने, सरकार पक्षाचे साक्षीदार, उलटतपासणी, बचावाचा पुरावा आणि अंतिम युक्तिवाद असा सुनावणीचा क्रम असतो. आरोपीवर साक्ष देण्याचे बंधन नाही व त्याच्या मौनाचा त्याच्याविरुद्ध अर्थ लावता येत नाही. ज्यूरीचा निर्णय एकमताने व्हावा लागतो. एकमत न झाल्यास सुनावणी निष्फळ ठरते आणि खटला पुन्हा चालविता येतो. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा सामान्यतः न्यायाधीश ठरवितो. आरोपीने आधी लेखी मागणी केली असेल, तर ती ज्यूरी ठरविते. कारावासाची शिक्षा शेरिफच्या ताब्यातील काउंटी तुरुंगात भोगावी लागते.

अपील

शिक्षा झाल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत विभागीय अपील न्यायालयात जाण्याची सूचना द्यावी लागते. त्यानंतरचा टप्पा म्हणजे ऑस्टिन येथील नऊ न्यायाधीशांचे फौजदारी अपील न्यायालय. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाकडे केवळ दिवाणी प्रकरणे व बालगुन्हेगारांसंबंधीची प्रकरणे जात असल्याने प्रौढांच्या फौजदारी खटल्यात राज्यातील अंतिम शब्द याच न्यायालयाचा असतो.

भारतीय पद्धतीशी तुलना

भारतात अशा स्वरूपाचे खटले न्यायदंडाधिकाऱ्यासमोर चालतात. अटकेनंतर आरोपीला २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याचे बंधन संविधानाच्या अनुच्छेद २२ ने घातले आहे. न्यायदंडाधिकारी नियुक्त असतो, निवडून आलेला नसतो. ज्यूरीची पद्धत भारतातही होती. मुंबईतील १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे ती विशेष चर्चेत आली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. आरोपीशी वाटाघाटी करून शिक्षा ठरविण्याची तरतूद भारतात २००६ पासून अमलात आहे. मात्र टेक्सासमध्ये हा खटले निकाली निघण्याचा नेहमीचा मार्ग असला, तरी भारतात तिचा वापर मर्यादितच राहिला आहे.