निपुत्रिक पूर्वज : प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी

छोट्या गावातील व्यापाऱ्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. राजे, सेनापती आणि संतमहंत इतिहासात जागा मिळवतात. वखारीत बसून माल मोजणाऱ्या माणसाच्या वाट्याला चर्चच्या नोंदवहीतील तीन ओळी येतात. पहिली बाप्तिस्म्याची, दुसरी विवाहाची आणि तिसरी दफनाची. नातवंडांची पिढी सरली की त्याही कोणी उघडून पाहत नाही.

या नियमाला एक विलक्षण अपवाद इटलीतील प्रातो या गावाने जपून ठेवला आहे. फ्लोरेन्सपासून जेमतेम वीस किलोमीटरवरील या कापड विणणाऱ्या गावात चौदाव्या शतकात फ्रांचेस्को दि मार्को दातिनी नावाचा व्यापारी होऊन गेला. त्याची सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेहून अधिक हिशेबवह्या, भागीदारीचे करारनामे, विम्याचे कागद आणि हुंड्या आजही शाबूत आहेत. मध्ययुगातील सामान्य घरातून वर आलेल्या माणसाच्या संसारात इतके आतवर शिरण्याची संधी इतिहासाने क्वचितच दिली आहे. या माणसाला औरस संतती नव्हती. तरीही सहा शतके उलटल्यावर त्याचे गाव त्याला आपला पूर्वज मानते. हे कसे घडले, हे त्याच्याच कागदपत्रांतून उलगडते.

पोरका मुलगा

प्रातोच्या कॅथेड्रलमध्ये पवित्र मरियेचा म्हणून पूजिला जाणारा कमरपट्टा आहे. बाराव्या शतकात मिकेले नावाच्या प्रातोच्याच एका व्यापाऱ्याने तो पवित्र भूमीतून आणला, अशी परंपरागत श्रद्धा आहे. म्हणजे गावच्या भक्तीच्या मुळाशीही एक व्यापारीच आहे. अशा गावात १३३५ च्या सुमारास फ्रांचेस्कोचा जन्म झाला. त्याचा बाप मार्को खानावळ चालवीत असे. १३४८ साली युरोपभर पसरलेल्या प्लेगच्या महामारीने आई, बाप आणि दोन भावंडे हिरावून नेली. मागे उरले ते फ्रांचेस्को आणि त्याचा भाऊ स्तेफानो. पिएरा नावाच्या एका बाईने या पोरक्या मुलांना मायेने सांभाळले. पुढे दूरदेशी गेल्यावरही फ्रांचेस्को पत्रांतून तिला आईच म्हणत असे.

फ्लोरेन्समध्ये काही काळ दुकानात उमेदवारी करून, वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकून आलेले दीडशे फ्लोरिन गाठीला बांधून, पंधरा वर्षांचा हा मुलगा १३५० साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे गेला. पोपमहोदयांचे वास्तव्य १३०९ पासून रोमऐवजी तेथे होते. कार्डिनलांचे वाडे, राजदूतांची वर्दळ आणि त्यांच्या मागोमाग आलेले सावकार, सोनार व शिंपी यांनी ते शहर गजबजले होते. फ्रांचेस्कोने प्रथम चिलखते आणि तलवारी विकल्या. भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या त्या काळी मुलूख लुटीत फिरत होत्या, आणि शस्त्रे लुटारूंनाही लागत, लुटल्या जाणाऱ्यांनाही लागत. पुढे कापड, दागिने, घरसामान आणि भाविकांच्या घरी लावायची पवित्र चित्रेही त्याच्या दुकानात आली. परदेशात त्याची तीसहून अधिक वर्षे गेली. १३८३ च्या आरंभी तो प्रातोला परतला तेव्हा त्याची गणना धनिकांत होत होती.

देव आणि नफा

दातिनीच्या हिशेबवह्यांच्या पहिल्या पानावर देवाचे नाव आणि नफ्याचे नाव शेजारी शेजारी लिहिलेले आढळते. आपल्या पेढ्यांवर चोपडीच्या आरंभी ‘श्री’ लिहिण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु या दोन नावांचा एकाच पानावर मेळ घालणे दातिनीला जन्मभर जड गेले.

प्रातो, पिसा, फ्लोरेन्स, जेनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्शिया आणि मायोर्का येथे त्याच्या पेढ्या होत्या. धंदा किती चिवटपणाचा होता, हे एका व्यवहारावरून ध्यानात येते. १३९४ च्या अखेरीस त्याने स्पेनजवळील बेटांवरील लोकर मागवली. ती समुद्रमार्गे इटलीत आली. प्रातोत ती पिंजली, कातली, विणली आणि रंगवली गेली, आणि तिचे सहा तागे तयार झाले. ते विकण्यासाठी पुन्हा मायोर्काला पाठविले, तेथे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून व्हॅलेन्शिया आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजारांत हिंडविले. शेवटचा हिशेब मिटेपर्यंत साडेतीन वर्षे लोटली होती. मधल्या काळात वादळ, चाचे आणि साथी यांची टांगती तलवार डोक्यावर होतीच. दातिनी रात्री जागून पत्रे लिही, प्रत्येक गुमास्त्याला खरमरीत उपदेश करी आणि कोणावरही पूर्ण विश्वास टाकीत नसे.

ख्रिस्तसभेने व्याजबट्ट्याला पाप ठरविले होते. त्यामुळे १३९८ च्या सुमारास दातिनीने फ्लोरेन्समध्ये सराफी पेढी काढली, तेव्हा त्याच्या मित्रांनाच ते रुचले नाही. सचोटीचा व्यापारी म्हणून मिळविलेले नाव तो सावकारीत घालवील, अशी कुजबुज सुरू झाली. पेढी फार दिवस टिकली नाही. १४०० च्या साथीत तिचा भागीदार दगावला आणि ती बंद पडली.

मार्गेरिता

१३७६ साली आव्हिन्योंमध्ये चाळिशी ओलांडलेल्या फ्रांचेस्कोने सोळा वर्षांच्या मार्गेरिता बांदिनीशी विवाह केला. ती फ्लोरेन्सच्या प्रतिष्ठित घराण्यातील. तिच्या बापाला १३६० साली सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या कटात भाग घेतल्यावरून देहान्त शासन झाले होते, आणि कुटुंब परागंदा होऊन आव्हिन्योंला आले होते. नवऱ्याकडे पैसा आणि बायकोकडे कुळ, असा हा जोडा होता. रागाच्या भरात मार्गेरिता आपल्या आजोळचे, घेरार्दिनी कुळाचे रक्त त्याला आठवून देई.

प्रातोला आल्यावर धंद्यापायी नवरा बहुधा फ्लोरेन्सला किंवा पिसाला असे. पती-पत्नींमधील संभाषण मग पत्रांतून चाले. कोंबड्या, अंडी, पीठ, तेल, धुवायचे कपडे आणि खेचरे यांच्या बरोबर पत्रे जात-येत. फ्रांचेस्को दाराच्या कडीपासून पिंपातील दारूपर्यंत सर्व बाबतींत सूचना देई. मार्गेरिता घर चालवी आणि त्यालाही चार शब्द ऐकवी. त्याचे जागरण, त्याची धावपळ आणि नव्या बांधकामाचा त्याचा न संपणारा सोस तिला पसंत नव्हता. आरंभी ती पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेई. तिशी उलटल्यावर ती स्वतः नीट लिहा-वाचायला शिकली. तिची सुमारे अडीचशे पत्रे आज उपलब्ध आहेत.

या घराचे शल्य एकच होते. मार्गेरितेची कूस उजवली नाही. वैद्य झाले, नवस झाले, उपाय झाले. दरम्यान नवऱ्याला इतर स्त्रियांपासून मुले झाली. एक मुलगा तान्हेपणीच गेला. १३९२ साली लुचिया नावाच्या वीस वर्षांच्या गुलाम मुलीपासून त्याला कन्या झाली. तिचे नाव जिनेव्रा.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. प्लेगनंतर कामाला माणसे मिळेनात, तेव्हा तोस्काना प्रांतातील श्रीमंत घरांनी काळ्या समुद्राकडून आणलेल्या मुली विकत घेण्यास सुरुवात केली होती. फ्लोरेन्सच्या कायद्याने १३६३ पासून त्यास मुभा होती. गुलाम ख्रिस्ती कुळातील नसला म्हणजे झाले, एवढीच काय ती अट. रोज प्रार्थना करणाऱ्या घरात हे चालत होते आणि त्याचा कोणाला विटाळ होत नव्हता. लुचियाला पुढे दास्यातून मुक्त करून घरच्याच एका नोकराशी तिचे लग्न लावून देण्यात आले. दीड लाख पत्रांच्या या ढिगाऱ्यात मालकाच्या लेकीचे कपडेलत्ते आहेत, औषधे आहेत, खेळणी आहेत. तिला जन्म देणारीची बाजू मांडणारे कोणी नाही.

जिनेव्रा सहा वर्षांची झाल्यावर तिला घरी आणले गेले. मार्गेरितेने तिला कवेत घेतले. सवतीचेही नाते नसलेल्या, दासीच्या पोटच्या मुलीला तिने लेकीप्रमाणे वाढविले, तिच्या आजारपणात रात्री जागविल्या. १४०७ साली एक हजार फ्लोरिन हुंडा देऊन प्रातोच्याच एका घरात जिनेव्राचा विवाह झाला. दातिनीच्या चरित्रात दानधर्माचा विषय निघाला की त्याच्या मृत्युपत्राकडे बोट दाखविले जाते. परंतु त्या घरातील पहिले मोठे दान मार्गेरितेने केले होते आणि त्याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत जमा-खर्चाच्या रकान्यात सापडणार नाही.

स्पष्टवक्ता मित्र

१३९० च्या सुमारास दातिनीला एक मित्र मिळाला, लापो मात्सेई. तो फ्लोरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा इस्पितळाचा कायदेशीर दस्त करणारा लेखनिक होता. पोरेबाळे पुष्कळ, मिळकत बेताची, छोटीशी शेती आणि उत्तम द्राक्षारसाची आवड. असा हा माणूस श्रीमंत मित्राला न भिता लिही. इमारतीच्या विटा रचता रचता तू आत्म्याचे घर विसरत आहेस, बायकोशी सौम्यपणे वाग, मृत्युपत्र आजच कर, असा त्याच्या पत्रांचा आशय असे. दातिनी ऐके, मान्य करी आणि दिवस ढकली.

१३९९ साली पांढरी वस्त्रे ल्यालेल्या प्रायश्चित्तकर्त्या यात्रेकरूंची लाट इटलीभर उसळली. त्यांना ‘बियांकी’ म्हणत. साठी ओलांडलेला दातिनीही पांढरे तागाचे वस्त्र पांघरून, अनवाणी, क्रुसामागून नऊ-दहा दिवस चालला. मात्र सोबत दोन घोड्या आणि एक खेचर होते. त्यांच्यावर पाव, चीज आणि मिठाईच्या पेट्या लादल्या होत्या, आणि हे सारे त्यानेच व्यवस्थित टिपून ठेवले आहे. वाचताना हसू येते. पण त्यात ढोंग दिसत नाही. प्रायश्चित्त करतानाही शिदोरीची तजवीज विसरू न शकणारा हा संसारी माणूस आपल्या ओळखीचा वाटतो.

पुढच्याच वर्षी पुन्हा साथ आली. दातिनी कुटुंबासह बोलोन्याला निघून गेला. मागे राहिलेले त्याचे भागीदार एकामागून एक मरण पावले. लापोनेही आपली मुले पुरली. बालपणी ज्या मृत्यूने घर रिकामे केले होते, त्यानेच आता पेढ्या रिकाम्या केल्या.

गरिबांच्या नावे

जुलै १४१० मध्ये, मृत्यूला काही दिवस उरले असता, दातिनीने अखेरचे मृत्युपत्र केले. त्यामागे लापोचा हात होता. सुमारे सत्तर हजार फ्लोरिनची आपली संपत्ती त्याने प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली. या निधीला ‘चेप्पो’ म्हणत. चेप्पो म्हणजे झाडाचा ओंडका. पोकळ ओंडक्यात दान टाकण्याच्या जुन्या प्रथेवरून हे नाव पडले. निधीचा कारभार गावच्या नागरिकांनी पाहावा, धर्माधिकाऱ्यांचा त्यावर ताबा नसावा, अशी स्पष्ट अट त्याने घातली. आयुष्यभर मिस्सा आणि उपास पाळणाऱ्या माणसाची ही अट आजही विचार करायला लावते. धर्मकार्य ही केवळ धर्मगुरूंची जबाबदारी नसून प्रापंचिकांचीही आहे, हे त्याने आपल्या व्यवहारी रीतीने सांगितले. टाकून दिलेल्या मुलांसाठी फ्लोरेन्समध्ये आश्रयस्थान व्हावे म्हणून त्याने एक हजार फ्लोरिन वेगळे ठेवले. त्यातूनच पुढे १४१९ मध्ये ब्रुनेलेस्कीच्या आराखड्यानुसार अनाथ बालकांच्या प्रसिद्ध इस्पितळाच्या बांधकामास प्रारंभ झाला. एक पोरका मुलगा आणि एका दासीच्या मुलीचा बाप, या दोन्ही नात्यांनी हे ऋण त्याने फेडले असे म्हणता येईल.

१६ ऑगस्ट १४१० रोजी त्याने देह ठेवला. आपण मरत आहोत आणि प्रार्थनांचा उपयोग होत नाही, याचेच त्याला अखेरपर्यंत नवल वाटत होते, असे लापोने नमूद केले आहे. प्रातोच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरात त्याची समाधी आहे. मार्गेरिता त्याच्यामागे १४२३ पर्यंत हयात होती.

जिन्याखालची पोती

एकही कागद फाडू नये, हा दातिनीचा दंडक होता. ते कागद त्याच्या वाड्यातच जिन्याखाली पोत्यांत पडून राहिले. उंदीर-वाळवीच्या तोंडून वाचलेला हा ठेवा १८७० साली उजेडात आला. १९५७ मध्ये आयरिस ओरिगो या लेखिकेने त्यावरून लिहिलेल्या ग्रंथाने दातिनीचे नाव जगभर पोहोचविले. आज त्याच वाड्यात हे दप्तर जतन केलेले आहे, आणि त्याने स्थापन केलेला निधीही प्रातोत टिकून आहे. नगरपालिकेसमोरील चौकात १८९६ पासून त्याचा पुतळा उभा आहे.

दातिनी संत नव्हता. त्याने शस्त्रे विकली, माणसे विकत घेतली, पत्नीला दुखविले आणि सत्कर्म अखेरच्या महिन्यापर्यंत लांबणीवर टाकले. तरीही त्याच्या कागदपत्रांनी काहीच झाकून ठेवले नाही. त्यामुळे आपल्या वाट्याला निष्कलंक पुतळ्याऐवजी एक खराखुरा पूर्वज आला आहे. आपल्याकडेही केळी, पाने, मासळी वा मीठ यांच्या व्यापारावर घरे उभी करणारे आजोबा-पणजोबा होऊन गेले. त्यांच्या चोपड्या, पावत्या आणि पोस्टकार्डे कोणाच्या पोटमाळ्यावर, कोणाच्या जुन्या पेटीत पडली असतील. घर नव्याने बांधताना त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. त्यांत कोणाला काय देणे होते आणि ते दिले की नाही, हे लिहिलेले असेल.