आजी-आजोबांचं ताट आणि १९७२ चा एक कायदा

घरातल्या आजी-आजोबांचं वजन कमी होत असेल, तर आपण काय म्हणतो? "वय झालं, आता भूक कमीच होणार." बरेचदा विषय तिथेच संपतो. खरं तर वाढत्या वयात ऊर्जेची गरज थोडी कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. चहा-बिस्किटं आणि पातळ भातावर दिवस निघाला, तर पोट भरतं, पण स्नायू झिजतात. मग तोल जातो, पडणं वाढतं, जखमा भरायला वेळ लागतो.

हा प्रश्न सरकारी पातळीवर गांभीर्याने घेतल्याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथे १९६५ साली ज्येष्ठांसाठी 'ओल्डर अमेरिकन्स अॅक्ट' हा कायदा झाला. १९६८ पासून काही ठिकाणी प्रायोगिक भोजन प्रकल्प चालले. त्यानंतर मार्च १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने याच कायद्यात पोषण कार्यक्रमाची भर पडली.

ज्येष्ठ नीट का जेवत नाहीत, याची चार कारणं या दुरुस्तीत नोंदवली होती. पहिलं, पैसे नसतात. दुसरं, समतोल आहार कसा निवडायचा आणि रांधायचा हे माहीत नसतं. तिसरं, चालणं-फिरणं कमी झाल्याने बाजारहाट आणि स्वयंपाक जमत नाही. आणि चौथं, एकटेपणा. एकट्यासाठी रांधावं आणि एकट्यानेच खावं, ही इच्छाच उरत नाही.

कारणं चार, म्हणून उपायही एकच नव्हता. आठवड्यातून किमान पाच दिवस एक गरम जेवण, तेही केंद्रात चारचौघांसोबत बसून. त्या एका जेवणातून दिवसभराच्या शिफारस केलेल्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळायला हवा, असं बंधन होतं. वयाची अट ६० वर्षं. जोडीदाराला मात्र वयाची अट नाही. पैसे ऐच्छिक. शिवाय जेवणासोबत पोषण शिक्षणही होतं. जे घराबाहेर पडूच शकत नाहीत, त्यांच्या घरपोच डब्यांसाठी १९७८ साली स्वतंत्र तरतूद झाली.

इथे एक फरक लक्षात घ्या. पोषण शिक्षण हे सगळ्यांसाठी सारखं असतं: डाळ का खावी, पाणी किती प्यावं. समुपदेशन एका माणसासाठी असतं. समजा, एखाद्या आजोबांना मधुमेह आहे, किडनीही कमजोर आहे आणि कवळी सैल आहे. त्यांना "साखर बंद, मीठ कमी, डाळ मोजून" एवढंच सांगितलं, तर ताटात उरतं काय? 'काय खाऊ नका' यापेक्षा 'काय खा, किती आणि कसं शिजवून' हे कुणीतरी बसून सांगावं लागतं. मेडिकेअर या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्यात मधुमेह आणि किडनीच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञाच्या अशा सल्ल्याचा खर्च २००२ पासून मिळू लागला.

आपल्याकडे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पोषण शिक्षण आहे, पण ते १५ ते ४५ वयाच्या महिलांसाठी. अंगणवाडीत सुनेला जे सांगितलं जातं, ते सासूबाईंसाठी नसतं.

म्हणून तोवर ती चार कारणं आपणच घरी तपासूया. आई-वडिलांना विचारा: हातात पैसे असतात का? काय खायचं हे कुणी नीट समजावलंय का? भाजी आणणं, रांधणं जमतं का? आणि जेवताना सोबत कोण असतं? गेल्या सहा महिन्यांत काही न करता वजन उतरलं असेल, कपडे किंवा बांगड्या सैल झाल्या असतील, तर ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि जमेल त्या दिवशी त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसा.