भूतकाळ बदलण्याचं बिल कोण भरतं?

आमच्या पिढीने टाइम मशीन पहिल्यांदा पाहिलं ते नोबिताच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खणात. शाळेतून आल्यावर हिंदीत डब केलेला 'डोरेमॉन' लावणाऱ्या प्रत्येकाला त्यामागची गोष्ट ठाऊक असते. नोबिता मोठेपणी इतकं कर्ज करून ठेवतो की ते खापरपणतूच्या पिढीपर्यंत फिटत नाही. तो खापरपणतू, सेवाशी, मग डोरेमॉनला भूतकाळात धाडतो. नोबिताला मार्गावर आणायचं हे मुख्य काम. त्यातच आणखी एक काम असं की, जियानच्या बहिणीशी, जाईकोशी, होणारं त्याचं लग्न टळावं आणि शिझुकाशी व्हावं.

नोबिता एरवी ढ असला तरी इथे अगदी मुद्द्याचं विचारतो. माझं लग्न दुसरीशी झालं तर तू जन्माला येशील कसा? सेवाशीचं उत्तर असं की, तोक्योहून ओसाकाला ट्रेनने जा की विमानाने, दिशा चुकली नाही तर माणूस पोचतोच. १९७० च्या जानेवारी अंकांपासून मुलांच्या मासिकांत सुरू झालेल्या मांगामध्ये ही भानगड अशी दोन-चार चौकटींत मिटते. लहानपणी मला ते पटलं होतं. आता मात्र दुसरीच शंका येते. जाईकोचं काय? तिचा अख्खा संसार कुणीतरी परस्पर खोडून टाकला आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

टाइम ट्रॅव्हलचा विषय निघाला की आम्ही इंजिनिअर लोक लगेच पॅराडॉक्सवर घसरतो. आजोबांनाच मारलं तर मी उरेन का, वगैरे. कोडं मजेदार आहे, पण ते सोडवताना कुणाचं काही जात नाही. जपानी कथांनी आणि पुढे ॲनिमेने गेल्या साठेक वर्षांत हळूहळू वेगळा प्रश्न पुढे आणला: भूतकाळ बदलला तर त्याचं बिल कोण भरतं, आणि त्याला आधी विचारलं होतं का? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा इतिहास. पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. 'इरेज्ड' पाहिली नसेल, तर आधी तिचे बारा भाग पाहून या.

आधी परवानगी वरून यायची

यासुताका त्सुत्सुई यांची 'तोकी ओ काकेरू शोजो' (काळातून झेप घेणारी मुलगी) ही कादंबरिका १९६५ मध्ये शाळकरी मुलांच्या मासिकात सुरू झाली आणि १९६७ मध्ये पुस्तकरूपात आली. काझुको नावाच्या मुलीला शाळेच्या प्रयोगशाळेत लॅव्हेंडरचा वास येतो आणि तिला काळात मागे जाता येऊ लागतं. वर्गातला एक मुलगा प्रत्यक्षात सन २६६० मधून आलेला असतो. परत जाताना तो सगळ्यांची आठवण पुसून टाकतो, कारण त्याच्या काळाचा तसा नियम आहे. ज्याला काही आठवत नाही, त्याची तक्रारही नाही. नैतिक पेच असा साफसफाईने सोडवला जातो.

'डोरेमॉन'च्या कर्त्यांपैकी फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७८ मध्ये 'टी. पी. बॉन' सुरू केली. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची ॲनिमे आली, म्हणून ती आपल्याही हाताशी आहे. बॉन हा सामान्य शाळकरी मुलगा. त्याचा मित्र इमारतीवरून पडून मरतो आणि थोड्याच वेळात काही घडलंच नाही असा जिवंत समोर येतो. हे काम भविष्यातल्या 'टाइम पेट्रोल'चं. गुपित फुटलं म्हणून बॉनला अस्तित्वातूनच काढून टाकायचं ठरतं. पण हिशेब केल्यावर दिसतं की त्याला पुसल्याने इतिहासावर परिणाम होईल. मग नाइलाजाने त्यालाच नोकरीवर घेतात.

नोकरी म्हणजे भूतकाळात अकाली मेलेल्यांना वाचवायचं. अट एकच: ज्यांच्या जगण्याने इतिहासात फरक पडणार नाही, त्यांनाच. ऐकताना ही अट समंजस वाटते. नीट विचार केला की अंगावर काटा येतो. तुम्ही वाचू शकता, कारण तुमच्या असण्या-नसण्याने जगाला काही फरक पडत नाही. शेजारी मरणाऱ्या दुसऱ्या माणसाला हात लावायचा नाही, कारण यादीत त्याचं नाव नाही. यादी दूरच्या कुठल्या कार्यालयात ठरते, आणि बॉनला फक्त ती अमलात आणायची असते.

मराठी वाचकाला भूतकाळातला 'जर' म्हटलं की पानिपत आठवतं. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांची गोळी हुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. तिथे पणाला राज्य लागलेलं असतं. बॉनच्या गोष्टींत पणाला लागतो तो एक अनाम जीव. पुढची ॲनिमे या अनाम माणसाच्या बाजूने गेली, आणि तिने मधलं कार्यालयच काढून टाकलं.

ताकासेचा काय दोष?

२००६ मध्ये मामोरू होसोदा यांनी त्सुत्सुईंच्या त्याच कथेला पुढे नेणारा चित्रपट केला. नायिका आता माकोतो, आणि मूळची काझुको तिची मावशी. माकोतोला काळात उडी मारता येते, आणि ती काय करते? बहिणीने खाल्लेलं पुडिंग परत मिळवते, परीक्षेचे प्रश्न आधीच कळल्यावर पेपर पुन्हा देते, कॅराओकेची वेळ संपली की मागे जाऊन परत गाते. सोळा-सतरा वर्षांचं कुणीही हेच करेल.

मावशी तिला सहज विचारते की, तुझा जेवढा फायदा होतोय, तेवढं नुकसान दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जात नसेल ना? ते तसं गेलेलं असतं. स्वयंपाकाच्या तासाला जी फजिती माकोतोची व्हायची, ती जागा बदलल्यामुळे ताकासे नावाच्या मुलाची झालेली असते. वर्गातली मुलं त्याला छळायला लागतात. ताकासेला कधीच कळत नाही की हे त्याच्या नशिबात नव्हतं, ते त्याच्याकडे सरकवलेलं होतं.

चाळीस वर्षांत झालेला बदल इथे दिसतो. वरून नियम लावणारं कुणी उरलेलं नाही. अधिकार एका मुलीच्या हातात आहे, आणि बिल शेजारच्या बाकावर जातंय.

एकेक मेल मागे घेताना

'स्टाइन्स गेट' २००९ मध्ये गेम म्हणून आली आणि २०११ मध्ये तिची ॲनिमे झाली. अकिहाबारातल्या एका खोलीत ओकाबे आणि त्याच्या मित्रांना मायक्रोवेव्ह आणि मोबाइल जोडून भूतकाळात मेसेज पाठवता येतो. प्रत्येकाची एक इच्छा असते. फेरिस नावाची मुलगी दहा वर्षांपूर्वी मेलेल्या वडिलांना वाचवून घेते. जग त्याप्रमाणे बदलतं, पण आधीचं जग आठवतं फक्त ओकाबेला.

मग कळतं की या बदललेल्या जगात त्याची बालमैत्रीण मायुरी मरते. कितीही वेळा मागे जा, कसंही वाचवा, ती मरतेच. तिला वाचवायचं तर पाठवलेले मेसेज एकेक करून मागे घ्यावे लागतात. म्हणजे फेरिसकडे जाऊन सांगायचं की, तुझे वडील पुन्हा मरू देत. ओकाबे तिच्या नकळत हे करत नाही. तो तिला सांगतो, आणि निर्णय तिच्या हातून होतो. ज्याचं जग पुसायचं त्याला आधी विचारायचं, ही गोष्ट इथे कथेच्या मध्यभागी येते. जाईकोच्या वाट्याला जे आलं नाही ते फेरिसच्या वाट्याला आलं, मात्र जड किमतीने.

हे पाहताना मला रोजचं काम आठवतं. कोडचा इतिहास आम्ही गिटमध्ये ठेवतो, आणि तो मागे जाऊन बदलता येतो. स्वतःच्या मशीनवरच्या ब्रांचचा इतिहास खुशाल बदला. पण ज्या ब्रांचवर दुसऱ्यांनी आपलं काम उभं केलंय, तिच्यावर फोर्स पुश करायचा नाही, हे नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात. कारण तांत्रिक आहे तसंच माणुसकीचंही आहे: तुमच्या जुन्या चुकीवर कुणीतरी तोवर खरं काम केलेलं असतं. फेरिसची वडिलांसोबतची दहा वर्षं हे असंच काम आहे. मूळ मेसेज चुकीचा असेल, पण ती वर्षं चुकीची नव्हती. आणि गिटमध्ये निदान जुन्या नोंदी शोधता येतात. ओकाबेच्या जगात सगळा लॉग एकाच माणसाच्या डोक्यात आहे.

दप्तर, नाश्ता आणि पंधरा वर्षं

केई सान्बे यांची 'बोकु दाके गा इनाई माची' ही मांगा २०१२ ते २०१६ चालली. तिची ॲनिमे, म्हणजे 'इरेज्ड', २०१६ च्या सुरुवातीला आली. शीर्षकाचा अर्थ: फक्त मीच नसलेलं गाव. सातोरू एकोणतीस वर्षांचा, न चाललेला मांगा-चित्रकार. पिझ्झा पोचवून पोट भरतो. २००६ मध्ये त्याच्या आईचा खून होतो, संशय त्याच्यावर येतो आणि तो थेट १९८८ मध्ये पोचतो. होक्काइदोतली शाळा, पाठीवर दप्तर, वय दहा. त्या हिवाळ्यात त्याच्या वर्गातली कायो मारली गेली होती.

पहिल्या प्रयत्नात तो तिचा वाढदिवस साजरा होईपर्यंत तिला जपतो आणि निर्धास्त होतो. ती तरीही मरते. कारण खुन्याच्या आधीच कायोच्या घरात मारहाण चालू आहे. त्यामुळे ती एकटी पडली आहे, आणि एकटं मूल हेरणं सोपं असतं. दुसऱ्या खेपेला मित्र तिला एका टाकून दिलेल्या बसमध्ये लपवतात, मग सातोरूची आई तिला घरी आणते आणि सकाळी समोर नाश्ता ठेवते. गरम, साधा, घरचा. कायो रडते. बालकल्याण केंद्राची माणसं येतात, आजी येते आणि कायो तिच्याकडे राहायला जाते. यातल्या एकाही गोष्टीला टाइम मशीन लागत नाही. लागतात ती बघणारी माणसं. जपानमध्ये बालछळ रोखण्याचा स्वतंत्र कायदा झाला तो २००० मध्ये.

बिल सातोरू भरतो. खुनी त्याला मारायला जातो, तो वाचतो, पण पंधरा वर्षं कोमात राहतो. जागा होतो तेव्हा कायोचं लग्न झालेलं असतं आणि तिच्या कडेवर मूल असतं. नवरा हिरोमी. तोही पहिल्या काळात लहानपणीच मारला गेला होता. म्हणजे ते मूल मूळ जगात असूच शकलं नसतं. कायो सातोरूची आहे, असं कथा कुठेही म्हणत नाही. वाचवलेल्या माणसावर वाचवणाऱ्याचा हक्क उरत नाही. मला वाटतं, नोबितापासून निघालेला प्रश्न इथे सर्वांत प्रामाणिक उत्तरापाशी पोचतो: भूतकाळ बदलायचाच असेल तर बिल स्वतःच्या नावावर घ्या, आणि बदल्यात काही मागू नका.

मशीनशिवाय मागे जाणं

'इरेज्ड'मध्ये आणखी एकाला वाचवायचं असतं. युकी हा मुलांशी प्रेमाने वागणारा तरुण. मूळ काळात खुनांचा आळ त्याच्यावर येतो आणि त्याला फाशीची शिक्षा होते. जपानी प्रेक्षकाला हे कल्पित वाटत नाही. १९८३ ते १९८९ या काळात तिथे फाशीची शिक्षा झालेले चार कैदी फेरखटल्यात निर्दोष सुटले. सातोरू ज्या १९८८ मध्ये परततो, ते नेमकं याच काळातलं.

पाचवा इवाओ हाकामादा. हा माजी बॉक्सर १९६६ मध्ये एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनासाठी पकडला गेला आणि १९६८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. २०१४ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओकाच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. तपास यंत्रणेने पुरावा बनवला होता, असंही न्यायालयाने म्हटलं. हाकामादा तेव्हा ८८ वर्षांचे होते. जपानमध्ये फाशीची वेळ कैद्याला त्याच सकाळी सांगतात. अशा हजारो सकाळी त्यांनी काढल्या, आणि त्यात त्यांचं मन पार खचलं. त्यांची बहीण हिदेको त्या वेळी ९१ वर्षांची होती. भाऊ निर्दोष आहे, हे ती आयुष्यभर सांगत राहिली होती.

२०२५ मध्ये त्यांना भरपाई मंजूर झाली: दिवसाला १२,५०० येन, एकूण सुमारे २१.७ कोटी येन. कायद्यातला हा सर्वोच्च दर. त्या वर्षांचं एवढंच बिल कुणी भरू शकलं.

प्रत्यक्षात भूतकाळात परत जायची वाट ही एवढीच आहे: जुनी फाइल उघडणं, साक्षी-पुरावे पुन्हा तपासणं, आपण चुकलो हे लिहून देणं. घडलेलं त्याने बदलत नाही, बदलते ती नोंद. ती बदलायला जेवढा उशीर होतो, तेवढं बिल चुकीच्या माणसाच्या नावावर चढत जातं. सातोरूला आयत्या वेळी मागे ढकलणारी एक शक्ती होती. हिदेकोंकडे तसं काही नव्हतं. त्या अर्ज करत राहिल्या आणि वाट पाहत राहिल्या.