मोडींत निघालेल्या वस्तू

वडील जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. गेल्या सालीं आईहि गेली, आणि चंद्रपूरच्या परकोटाच्या आंतलें आमचें जुनें घर रिकामें करून देण्याची पाळी आम्हां चौघां भावंडांवर आली. ज्यांनीं अशीं घरें रिकामीं केलीं आहेत त्यांस तें काम कसें असतें हें सांगावयास नको. चार दिवसांची रजा, परतीचें तिकीट आधींच काढलेलें, आणि समोर पन्नास वर्षांचा संसार! पहिल्या दिवशीं आम्ही एकेक भांडें हातांत घेऊन त्याची कथा सांगत बसलों. चौथ्या दिवशीं दारांत कबाड्याची हातगाडी उभी होती, आणि "हें जाऊं द्या, तेंहि जाऊं द्या" असें मीच सर्वांत मोठ्यानें म्हणत होतों. त्या गर्दींत वडिलांची सागवानी पेटी गेली.

वडील जंगलखात्यांत कारकून होते व त्यांच्या नोकरीचीं बरींच वर्षें आलापल्लीस गेलीं. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ सालीं झाला. त्यापूर्वीं तो सारा मुलूख चांद्याचाच. आलापल्लीच्या सागाची कीर्ति मीं सांगावी असें नाहीं. तेथल्याच एका सुतारानें तेथल्याच फळ्यांची ती पेटी केली होती. पेटी गेल्यावर आठवड्यानें धाकट्या बहिणीनें विचारलें, "दादा, झाकणाच्या आंतल्या बाजूचा फोटो काढून ठेवला आहेस ना?" त्या बाजूस आईनें सुताराच्या पेन्सिलीनें आम्हां चौघांच्या जन्माचे वार व वेळा लिहून ठेविल्या होत्या. मला त्याचें स्मरणच राहिलें नव्हतें.

मी इतिहासाचा अध्यापक. नागपूरकर भोसल्यांच्या घराचा लिलाव मी गेलीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें, आणि शिकवितांना तो प्रसंग नेहमीं डलहौसीच्या खालसा धोरणाचें एक शेपूट म्हणून दोन वाक्यांत उरकीत आलों. त्या आठवड्यांत प्रथमच मीं तो पुन्हा नीट वाचला.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. हे गृहस्थ गादीवर आले ते लहानपणीं, १८१८ सालीं. दुसऱ्या रघूजींचे ते मुलीकडून नातू. आप्पासाहेबांचें राज्य गेल्यावर इंग्रजांनीं त्यांस गादीवर बसविलें, आणि दुसऱ्या रघूजींची विधवा राणी बांकाबाई हिनें त्यांच्या लहानपणीं वाड्याचा कारभार पाहिला. त्यांस पुत्र झाला नाहीं. राण्यांनीं यशवंतराव अहिरराव या जवळच्या मुलास पुढें केलें व त्याचें नांव जानोजी ठेविलें. रेसिडेंट मॅन्सेल याचा कल कांहींसा या कुटुंबाकडे होता. परंतु डलहौसीचा निश्चय झालेला होता. १८५४ मध्यें राज्य खालसा झालें, आणि त्याबरोबर आमचा चांदा जिल्हाहि इंग्रजी अमलाखालीं आला.

येथवरची गोष्ट शाळेंतल्या पुस्तकांतहि असते. पुढची नसते. राज्य घेतल्यावर सरकारनें वाड्यांतल्या वस्तूंकडे दृष्टि वळविली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर आणून मातीमोलानें विकले. सामानसुमान राण्यांच्या महालांतून, त्या हरकत घेत असतां, बाहेर काढलें. हें सामान हलविलें तर वाड्यालाच आग लावून देईन, असें एका राणीनें बजाविलें होतें. तरी सामान हललें. थोडे जिन्नस राण्यांच्या समजुतीसाठीं वगळून बाकीचें जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. सर जॉन के हा इंग्रज इतिहासकार, १८५७ च्या बंडाचा इतिहास लिहितांना, हा प्रकार सविस्तर देतो आणि एक मार्मिक गोष्ट नोंदवितो: वऱ्हाड व आसपासच्या मुलखांत राज्य घेतल्यानें जितकें मन दुखावलें त्याहून अधिक हें सामान घेतल्यानें दुखावलें, असें त्यानें ऐकिलें होतें. के हा कांहीं भोसल्यांचा कैवारी नव्हता. इंडिया ऑफिसांत मोठ्या हुद्द्यावर चढलेला मनुष्य. म्हणून त्याच्या या शब्दांस वजन आहे.

लोकांस असें कां वाटावें? राज्य जाणें ही त्या काळीं नवलाची गोष्ट राहिली नव्हती. पुण्याचें गेलें, साताऱ्याचें गेलें. राजा हरतो, राज्य जातें, हें रयतेला समजत होतें. परंतु घरांत सुतक असतां परक्यानें आंत शिरावें आणि सासूच्या, आजेसासूच्या अंगावरचे दागिने मोजून पेट्यांत भरावे, ही गोष्ट राजकारणाची नव्हती. ती कुणब्याच्या घरींहि समजणारी होती.

डलहौसीची बाजू मात्र वाचकांपुढें प्रामाणिकपणें मांडली पाहिजे, कारण ती निव्वळ लुटारूची बाजू नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, हें जवाहीर राज्याच्या वसुलांतून जमलेलें आहे. तें राण्यांच्या हातीं राहिलें तर उधळलें जाईल. तें विकून पैसा करावा व त्या पैशांतून याच कुटुंबाच्या पोटापाण्याची कायमची तजवीज व्हावी. त्याप्रमाणें "भोसला फंड" म्हणून एक निधि निघालाहि. हिशेब बरोबर आहे. दारांत हातगाडी उभी असतां माझाहि हिशेब असाच बरोबर होता: फ्लॅटांत जागा नाहीं, पेटीला वाळवी लागेल, आलेले पैसे आईच्या वर्षश्राद्धास उपयोगीं पडतील. फरक इतकाच कीं डलहौसी परका होता.

राण्यांनीं अर्ज केले, वकील विलायतेस धाडले. कांहीं निष्पन्न झालें नाहीं. आणि पुढें १८५७ सालीं नागपुरास फौजेंत गडबड उडाली तेव्हां वृद्ध बांकाबाईनें आपलें वजन इंग्रजांच्याच बाजूस घातलें. कोणी याला भीति म्हणतात, कोणी शहाणपण. मला वाटतें, नातवाच्या दत्तकाचें पुढें कांहीं तरी व्हावें एवढीच त्या म्हातारीची आशा राहिली असावी. आणि तें झालेंहि, कारण जानोजीस पुढें राजेबहाद्दर हा किताब व सातारा प्रांतांतलें वडिलार्जित देऊर हें गांव मिळालें. बांकाबाई १८५८ त वारली. कलकत्त्यास गेलेले दागिने परत आले नाहींत.

अशा घरांच्या हकीकती वाचूं लागलें म्हणजे एकाशीं दुसरी येऊन जुळते. लाहोरच्या दुलीपसिंगाचें राज्य व कोहिनूर १८४९ त गेलें. आईपासून तर तो त्यापूर्वींच तुटलेला. पुढें तीं मायलेकरें भेटलीं, आणि राणी जिंदन १८६३ त लंडनास वारली तेव्हां हिरा परत मागण्याच्या भानगडींत न पडतां या मुलानें आईचा देह हिंदुस्थानांत आणिला. पंजाबांत नेण्यास मनाई, म्हणून १८६४ त दहन झालें तें आमच्या नाशिकास, गोदावरीच्या कांठीं. साठ वर्षांनीं, १९२४ सालीं, नात बांबा हिनें त्या अस्थि नाशिकाहून लाहोरास नेऊन रणजितसिंगाच्या समाधींत ठेविल्या. राजघराण्यांतल्या परत मिळविलेल्या वस्तूंची यादी कोणी केली तर मी हिला पहिला क्रमांक देईन.

असो. भोसल्यांच्या घरची एक वस्तु मात्र अगदीं अलीकडे परत आली. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडनच्या सोथबीज या लिलावघरांत पहिल्या रघूजींची तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च सुमारें ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्ट रोजीं ती मुंबईस पोंचली. पातें सरळ, एकधारी व युरोपांत घडलेलें. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्यावर मुठीजवळ देवनागरींत सोन्यानें कोरलेलें धन्याचें नांव, "सेनासाहेब सुभा" हा शाहूमहाराजांनीं दिलेला किताब व "फिरंग" हा शब्द. ती विलायतेस कशी गेली याचा कागद नाहीं. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीवर झालेल्या लढाईनंतरच्या लुटींत गेली असावी असा तर्क आहे. तो संभवनीय आहे, पण तर्कच.

आपलीच वस्तु आपण पैसे मोजून कां घ्यावी, असें पुष्कळांस वाटलें. त्यास उत्तर असें कीं, सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आणि तो मागच्या काळास लागू पडत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं गेलेली वस्तु कायद्यानें मागतां येत नाहीं; ती देणाऱ्याच्या मर्जीनें मिळते, उसनी मिळते किंवा विकत मिळते. जुलै २०२४ मध्यें सातारच्या संग्रहालयांत जीं वाघनखें आलीं तीं अशींच उसनीं, तीन वर्षांच्या बोलीनें. तलवार विकत घेतली, म्हणून ती ठेवतां तरी येते.

त्या दिवशीं वर्तमानपत्रांत तलवारीचें चित्र पाहून मला आनंद झाला हें लपवीत नाहीं. पण मी चांद्याचा मनुष्य आहें, आणि चांद्याच्या मनुष्याला या तलवारीविषयीं आणखीहि कांहीं आठवतें. याच रघूजीनें १७५१ मध्यें चांदा घेतलें. गोंड राजा नीळकंठशहा कैदेंत पडला, कैदेंतच मेला, आणि शतकानुशतकें येथें नांदलेलें एक घराणें बसलें. त्याच्या मुलानें पुढें उचल खाऊन पाहिली, तीहि फसली. १८५४ त भोसल्यांच्या वाड्यांतून जे दागिने निघाले त्यांत बंगालच्या स्वाऱ्यांचें सोनें किती आणि चांद्याच्या गोंड राण्यांच्या अंगावरचें किती, हें कोण सांगणार? बंगाली आया "बर्गी" येईल म्हणून पोरांस भिववितात, ते बर्गी याच रघूजीचे. राण्यांच्या दुःखाचें मोल याने कमी होतें असें माझें म्हणणें नाहीं. एवढेंच कीं, वारशाची चौकशी करूं लागलें म्हणजे ती आपल्याला सोयीच्या पायरीवर थांबत नाहीं. गोंड राजांच्या वस्तूंसाठीं लंडनच्या लिलावांत बोली करणारें कोणी दिसत नाहीं, कारण त्या वस्तु तेथपर्यंतहि पोंचल्या नाहींत. त्या वाटेंतच वितळल्या.

मग त्यांचें काय उरलें? आमच्या घरापासून चालत गेलें तर अचलेश्वराच्या देवळाजवळ बीरशहाची समाधि लागते. बीरशहाचा खून झाल्यावर त्याची विधवा राणी हिराई हिनें ती बांधविली, आणि दत्तक मुलगा रामशहा लहान असेतों राज्यहि चालविलें. हत्तीवर चालून गेलेल्या सिंहाचें तिच्या सासरचें चिन्ह गांवच्या वेशींवर कोरलेलें आहे. तें काढून नेण्याचा खटाटोप कोणी केला नाहीं. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं चांद्याचा किल्ला फोडून गांव लुटलें, तेव्हां समाधि व वेशी तेवढ्या राहिल्या. हिराईनें दागिन्यांऐवजीं दगड निवडला तो धूर्तपणानें असें नव्हे, पण टिकला तोच.

वडील सांगत, भामरागडकडे माडिया लोकांत मृताच्या नांवें उभा दगड रोवतात. त्यावर नांव नाहीं, अक्षर नाहीं. कोणता दगड कोणाचा हें घरच्यांस ठाऊक असलें म्हणजे झालें. वडिलांना त्या दगडांचें मोठें नवल वाटे. फिरतीवर असतां गाडीवाटेनें ते लागले कीं बैलगाडी थांबवून उतरत व वळसा घालून जात. हें त्यांनीं सांगितलेलें मला आठवतें, पण कोणत्या गांवीं, तें मीं त्यांना विचारलें नाहीं. आतां विचारावयास कोणी नाहीं.

पेटी तीन महिन्यांनीं सांपडली. कबाड्यानें ती एकास दिली, त्यानें दुसऱ्यास, आणि शेवटीं नागपुरांत जुनें सामान विकणाऱ्या एका दुकानांत ती फुलदाणी डोक्यावर घेऊन उभी होती. आम्ही तीनशें रुपयांस दिलेली. तेथें अकरा हजार. दुकानदाराचा यांत दोष कांहीं नाहीं, त्याला सागाची पारख होती एवढेंच. मीं घासाघीस केली नाहीं. घरीं आणून झाकण उघडलें तेव्हां कळलें कीं, त्यानें ती आंतूनबाहेरून रंधून, घासून, चकचकीत पॉलिश करून ठेविली होती.

त्या रात्रीं चौघेंहि जमलों होतों. बहिणीनें दिवा मालविला व बॅटरीचा उजेड लांकडावर तिरपा धरला. आई पेन्सिल फार दाबून लिही. एका कोपऱ्यांत "मंगळवार, पहांटे" एवढ्याच अक्षरांचा ठसा लांकडांत राहिला होता. हा मंगळवार कोणाचा, याविषयीं वाद झाला. शेवटीं जुनीं पंचांगें काढलीं. मंगळवारचा आमच्यांत एकटा धाकटा भाऊच निघाला. पेटी आतां त्याच्याकडे वर्ध्यास आहे.